कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नाही

मुतखड्याच्या कळा सुरू असताना कोणाला लांबलचक वाचायची ताकद नसते, म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते. कळेबरोबर थंडी वाजून ताप भरला असेल, लघवी होतच नसेल, ओकाऱ्यांमुळे पाण्याचा घोटसुद्धा पोटात टिकत नसेल, एकच किडनी असेल किंवा बाई गरोदर असेल तर घरी काढे करत बसू नका, 108 ला फोन करा नायतर मिळेल त्या गाडीने हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी. खडा अडकलाय आणि त्याच्या मागे तुंबलेल्या लघवीत इन्फेक्शन झालंय, हे दोन्ही एकत्र आलं की ते रक्तात पसरायला वेळ लागत नाही, आणि तेव्हा नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, तुंबलेल्या लघवीला आधी वाट करून द्यावी लागते. बाकीचं सगळं निवांत वाचता येईल.

आता माझं सांगते. गोव्यात डिचोलीला आमची घरगुती खाणावळ आहे, दुपारचं शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी), तळलेली मासळी, एक भाजी, सोलकढी, एवढंच. पहाटे नारळ किसायला आदोळीवर बसले होते आणि डाव्या बाजूला बरगड्यांच्या खाली पाठीत एकदम कळ आली. वाटलं बसून बसून काही आखडलं असेल. उठले, चालले, वाकले, आडवी झाले, परत उठले, कशातच आराम नाही. हीच या कळेची खूण, असं नंतर डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्सचं वगैरे दुखणं असलं की माणूस हलायलाच घाबरतो, गप पडून राहतो, आणि मुतखड्याचा माणूस एका जागी राहूच शकत नाही, भिंतीला टेकतो, गुडघ्यांवर बसतो, जमिनीवर लोळतो. कळ पाठीतून पुढे जांघेकडे उतरत होती, चढत चढत जायची, जरा ओसरायची, परत चढायची. अंगाला दरदरून घाम आणि वर ओकाऱ्या. सासूबाईंनी ओवा आणला, "गॅस धरला गो बाय, चाव हे जरा", पण तो काही पोटात टिकला नाही. शेवटी ह्यांनी शेजारच्या दादांना उठवलं आणि त्यांच्या गाडीतून मला नेलं. मी मागच्या सीटवर बसले नव्हते, सीट धरून गुडघ्यांवर होते एवढं आठवतं.

तिथे डिक्लोफेनॅक या दुखणं थांबवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळाने मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. हे औषध यात इतकं का चालतं ते मला डॉक्टरांनी कागदावर किडनी काढून समजावलं आणि ते समजल्यावर माझी निम्मी भीती गेली, म्हणून इथे लिहिते. आपल्याला वाटतं खडा टोकदार असतो, तो आत ओरबाडतो म्हणून दुखतं. ओरबाडतो थोडा, त्यानेच लघवीत रक्त येतं, पण मुख्य दुखणं ते नव्हे. किडनीतून मूत्राशयाकडे येणारी नळी, युरेटर म्हणतात ती, आतून जेमतेम 3-4 मिलीमीटर. खडा तिच्यात बसला की मागची लघवी तुंबते, नळी आणि किडनी ताणली जाते, आणि त्या ताणाची ती कळ असते. वर शरीर तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य सोडतं, त्याने किडनीत लघवी आणखी तयार होते आणि ताण वाढतो. डिक्लोफेनॅक ते द्रव्यच अडवतं. पण हे औषध सगळ्यांना चालत नाही, किडनीचं काम आधीच कमी असेल, पोटात अल्सर असेल, गरोदर असेल तर नको, म्हणून मेडिकलमधून स्वतःच घेऊन रोज गिळत राहू नका. जरा बरं वाटल्यावर गरम पाण्याची पिशवी मात्र कमरेला लावा, त्याने खरंच फरक पडतो.

ह्या ताणाच्या गोष्टीतूनच दुसरी गोष्ट कळते आणि ही सगळी पोस्ट मी तिच्यासाठी लिहितेय. कळ जेवढी मोठी तेवढा खडा मोठा असं काही नसतं. 3 मिमीचा खडा माणसाला लोळवतो आणि किडनीत बसलेला 12 मिमीचा खडा वर्षानुवर्षं पत्ता लागू देत नाही, दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली की दिसतो. आणि कळ थांबली म्हणजे खडा पडला असंही नसतं!! खडा किंचित सरकला आणि बाजूने लघवीला वाट मिळाली की कळ थांबते. काही दिवस अडकून राहिला तर किडनी स्वतःच त्या बाजूचं काम कमी करते, दाब उतरतो, तरी कळ थांबते. खडा तिथेच असतो. आमच्याकडे जेवायला येणारे एक काका, कळ आली, इंजेक्शन घेतलं, बरं वाटलं, विषय संपला. पुढे बऱ्याच महिन्यांनी पाय सुजले म्हणून तपासण्या केल्या तर त्या बाजूची किडनी फुगून निकामी होत आलेली आणि दुसरीवरही डायबेटिसचा परिणाम झालेला. अधेमधे त्यांना काहीच दुखलं नव्हतं. मला ते ऐकून झोप लागली नव्हती. म्हणून जो कोणी म्हणतो "कळ गेली, आता कशाला स्कॅन", त्याला मी हात धरून बसवते.

तपासण्यांचं थोडक्यात. लघवीची तपासणी, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करतेय का ते त्यावरून कळतं) आणि सोनोग्राफी एवढं आधी झालं. सोनोग्राफीत डावी किडनी थोडी सुजलेली दिसली पण खडा दिसला नाही, नळीतले खडे सोनोग्राफीत बऱ्याचदा सुटतात. मग साधा सीटी स्कॅन केला, शिरेतून औषध न देता करतात तो, त्यात तो सापडला, 5 मिमी, नळीच्या अगदी खालच्या टोकाला, मूत्राशयात शिरते तिथे. ही नळीतली सगळ्यात अरुंद जागा, खडा अडकायच्या तीन जागांपैकी शेवटची. डॉक्टर म्हणाले 5 मिमीच्या आतले बहुतेक खडे आपोआप पडतात, 5 ते 10 मधले साधारण निम्मे, आणि जेवढा खाली पोचलेला तेवढी आशा जास्त. ताप नाही, क्रिएटिनिन बरोबर, दुखणं गोळ्यांनी आटोक्यात, तर चार ते सहा आठवडे वाट बघायला हरकत नाही, पण त्यापुढे नाही.

आता वाट बघणं. याबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून मी सांगते. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच, आज येईल का. भांडं उचलताना भीती, स्कूटरवर बसताना भीती, लांब कुठे लग्नाला जायचं तर भीती. रात्री झोपायच्या आधी टॅमसुलोसिनची गोळी होती. ही खरं तर पुरुषांच्या प्रोस्टेटची गोळी, माझ्या चिठ्ठीवर बघून मेडिकलवाल्या पोराने दोनदा विचारलं की ही तुमचीच ना, पण ती नळीच्या खालच्या भागातले स्नायू सैल करते म्हणून बायकांनाही देतात. तिने झटकन उठलं की चक्कर येते, तेव्हा आधी खाटेवर बसायचं, मग उभं राहायचं. आणि दुखण्याच्या गोळ्या मी पर्समध्ये, गल्ल्यात आणि उशीखाली अशा तीन ठिकाणी ठेवल्या होत्या, कळ चढायला लागली की लगेच घ्यायची, सहन करत थांबायचं नाही, चढलेल्या कळेला गोळी लवकर लागू पडत नाही, तोवर ती ओकारीत बाहेर पडते.

पाण्याबद्दल सगळेच सांगतात, भरपूर पी भरपूर पी. ऐन कळेत लिटरच्या लिटर ढोसून खडा धक्क्याने बाहेर पडत नाही बरंका, उलट तुंबलेल्यावर आणखी तुंबतं आणि कळ वाढते. कळेत घोट घोट, तहानेपुरतं. भरपूर पाणी हे इतर वेळी, आणि पुन्हा खडा होऊ नये म्हणून तर कायमचं. आणि किती प्यायलं यापेक्षा किती लघवी झाली ते मोजायचं, दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी. घाम किती जातो त्यावर पिणं ठरतं. एसीत बसणाऱ्याला तीन लिटर पुरेल, एप्रिल-मेमध्ये गोव्यातल्या दमट उकाड्यात चुलीसमोर उभ्या असलेल्या बाईला पुरणार नाही. मी सुरुवातीला काही दिवस एका जुन्या लिटरच्या बाटलीवर खुणा करून खरंच मोजलं, त्यावरून अंदाज आला, मग नुसता रंग बघायला लागले, फिकट असली की ठीक, गडद झाली की तांब्या तोंडाला. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर मात्र रंगावर जाऊ नका, त्याने लघवी पिवळीधमक होते.

पण इथे मला एक मनापासून बोलायचंय. बायका पाणी का पीत नाहीत? त्यांना माहीत नाही म्हणून? सगळ्यांना माहीत आहे. बाजारात सकाळपासून मासळी घेऊन बसणारी बाई पाणी पीत नाही कारण तिला टोपली सोडून जाता येत नाही, आणि गेली तरी जायला जागा धड नाही, कडी नाही, पाणी नाही, चालत जाऊन परत येईपर्यंत गिऱ्हाईक गेलं. दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या मुली, शाळेत एकामागोमाग एक तास घेणाऱ्या बाई, साइटवर काम करणाऱ्या बायका, टुरिस्ट टॅक्सीवाले पुरुषसुद्धा, सगळ्यांचं तेच. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी टाळायचं. लघवी अशी दाट राहिली की त्यातले क्षार खाली बसणारच, आपण त्यांना "पाणी पी गो" एवढं सांगून मोकळे होतो. कामाच्या जागी स्वच्छ संडास आणि पाच मिनिटांची सुट्टी हे मुतखड्याचं औषध आहे असं मला वाटतं, आणि ते द्यायचं काम मालकाचं आणि पंचायतीचं आहे. आमच्या खाणावळीत मदतीला दोघीजणी येतात, आता मागच्या बाथरूमला आतून पक्की कडी बसवलीय, आणि अकराला आणि चारला गॅस बारीक करून सगळ्यांनी पाणी प्यायचं हे ठरलंय, गिऱ्हाईक थांबतं तेवढं.

घरगुती उपायांचं काय, हे मला सगळ्यात जास्त विचारतात. सासूबाईंनी रोज कुळथाचं कळण केलं, मी आवडीने प्यायले, गरम पातळ कळण पोटात गेलं की बरंच वाटतं आणि तेवढं पाणीही जातं, फक्त मीठ बेताचं. त्याने खडा विरघळतो असा भक्कम पुरावा नाही असं डॉक्टर म्हणाले, पण प्यायला आडकाठी केली नाही. एका वहिनीने पानफुटीची पानं आणून दिली, तीही मायेनेच. माझं म्हणणं एवढंच की हे सगळं सीटी आणि तारखेच्या चेकिंगच्या जोडीने करा, त्यांच्या ऐवजी नको. आडसराचं, म्हणजे शहाळ्याचं, पाणी चांगलं, त्यात पोटॅशियम असतं, फक्त किडनीचं काम कमी असलेल्यांनी विचारून प्यावं. लिंबू खरंच उपयोगी, त्यातलं सायट्रेट लघवीत उतरतं आणि कॅल्शियमला ऑक्झलेटशी (काही भाज्या-फळांत असणारं द्रव्य, या दोघांचा मिळून खडा होतो) बांधलं जाऊ देत नाही, डॉक्टर पोटॅशियम सायट्रेटचं औषध देतात ते यासाठीच. कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक अ‍ॅसिड असतं, आणि त्याच जातीचं हायड्रॉक्सीसायट्रेट कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक विरघळवतं असं प्रयोगशाळेत दिसल्याचं 2016 मध्ये छापून आलं होतं, पण प्रयोगशाळेतली काच वेगळी आणि माणसाचं पोट वेगळं, म्हणून सोलकढी मी आवडते म्हणून पिते, औषध म्हणून नाही.

बिअर आणि हुर्राक. सीझनमध्ये हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, आला की कोणीतरी सांगतंच, दोन ग्लास मार, खडा धुऊन जाईल. दारूने लघवी जास्त होते हे खरं, पण नंतर अंग कोरडं पडतं आणि पुढची लघवी आणखी दाट होते, बिअरमधल्या प्युरीनने युरिक अ‍ॅसिड वाढतं ते वेगळंच, आणि डिक्लोफेनॅकवर दारू म्हणजे पोटात अल्सरला आमंत्रण, टॅमसुलोसिनवर दारू म्हणजे चक्कर येऊन पडणं. कोणाच्या सांगण्यावरून करू नका हे.

आणि हे तर आवर्जून लक्षात ठेवा: बिंबलं, आणि करमलं म्हणजे बाजारात स्टारफ्रूट म्हणून मिळतात ती. आमच्याकडे परसात दोन्ही असतात, आंबटपणासाठी हुमणात एखाददुसरं पडलं तर ठीक, पण रस काढून पेलाभर पिऊ नका. दोन्हीत ऑक्झलेट प्रचंड. केरळात कोलेस्टेरॉलसाठी म्हणून बिंबलाचा रस प्यायलेल्या लोकांच्या किडन्या अचानक बंद पडल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत, काहींना डायलिसिस करावं लागलं. किडनी आधीच कमजोर असेल तर करमलं अजिबातच नको.

खडा पडला तो संध्याकाळी. त्याआधी दोन दिवस सारखी लघवीची भावना, जाऊन यायचं आणि परत जायचं, जळजळ, आणि होताना थेंब थेंब. इन्फेक्शन झालं की काय म्हणून फोन केला तर डॉक्टर म्हणाले ताप नसेल तर चांगलं लक्षण आहे, खडा मूत्राशयाच्या तोंडाशी आलाय. मग एक शेवटची कळ, खाली ओटीपोटात, आणि अचानक सगळं शांत, मूत्राशयात उतरला. लोकांना वाटतं खरा त्रास यापुढे, पण मूत्राशयातून बाहेर यायची वाट त्या नळीपेक्षा रुंद असते, तिथे एक टोचल्यासारखं झालं तेवढंच. पहिल्या दिवसापासून मी चहाची जुनी गाळणी बाथरूममध्ये खिळ्याला अडकवून ठेवली होती आणि दर वेळी त्यातूनच लघवी करत होते, घरच्यांना विचित्र वाटलं तरी. गाळणीत बारीक टक् असं वाजलं. धुऊन तळहातावर घेतला, काळपट तपकिरी, मुगाच्या दाण्यापेक्षा मोठा नाही, एका अंगाने गुळगुळीत आणि दुसरीकडे बारीक खडबडीत, नखाने दाबला तर जराही फुटेना. ह्यांनी दिव्याखाली धरून कितीतरी वेळ बघितला आणि म्हणाले, "एवढासा?" मी रडले तेव्हा.

खडा टाकून देऊ नका. कोरडा करून स्वच्छ डबीत घालून लॅबला द्या, कशाचा बनलाय ते कळल्याशिवाय पुढचं पथ्य म्हणजे अंदाजपंचे. माझा कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटचा निघाला, ऑक्झलेटचे खडे सगळ्यात जास्त आढळतात. युरिक अ‍ॅसिडचा असेल तर तो साध्या एक्सरेत दिसतही नाही, पण लघवीचा आम्लपणा औषधाने कमी केला की विरघळू शकतो, इन्फेक्शनने होणारा असेल तर त्याचा रस्ता आणखी वेगळा.

कॅल्शियमचा खडा म्हटल्यावर घरात पहिला हुकूम निघाला, दूध बंद, दही बंद. हे उलटं आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून संडासवाटे बाहेर नेतं, दूध-दही बंद केलं तर ते ऑक्झलेट मोकळं सुटून रक्तात आणि लघवीत जातं. इटलीत 120 पुरुषांवर पाच वर्षं अभ्यास झाला होता, 2002 साली छापून आला, निम्म्यांना कमी कॅल्शियमचं जेवण आणि निम्म्यांना नेहमीएवढं कॅल्शियम पण मीठ आणि मांसमटण कमी. दुसऱ्या गटात परत खडे होणाऱ्यांचं प्रमाण जवळपास निम्मं निघालं. तेव्हा खरा हात आखडायचा तो मिठावर, मीठ जास्त झालं की किडनी लघवीत कॅल्शियम जास्त सोडते. गोंयकाराला हे जड जातं हे मला माहीत आहे, पावसाळ्यात ताजी मासळी नाही म्हणजे खारे बांगडे, सुंगटांची (सुक्या कोळंबीची) किसमूर, लोणचं, हे सगळं मिठातलंच. मी बंद नाही केलं, आठवड्यातून एकदा, आणि खारी मासळी दोन पाण्यांतून काढून. तांबडी भाजी, पालक, अळू यांत ऑक्झलेट भरपूर, त्या मी उकडून पाणी टाकून देते आणि त्याच जेवणात वाटीभर दही घेते. काजू मूठभर खायचे ते चार-पाच. चहा दोन कप, दूध घालून. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या कोणी उगाच घेत असेल तर थांबवा, शरीरात त्याचं ऑक्झलेट होतं. टोमॅटोच्या बियांना मात्र लोक विनाकारण घाबरतात, टोमॅटोत ऑक्झलेट कमीच असतं.

ज्यांचा पडत नाही त्यांनी खचू नका. माझ्या वाळपईच्या नणंदेचा 9 मिमीचा होता, दुर्बीण घालून लेझरने फोडून काढला, दोन दिवसांत घरी. आत डीजे स्टेंट म्हणून मऊ नळी ठेवतात, ती असेपर्यंत लघवी करताना कमरेत कळ येते, कधी लाल होते, सारखं जावंसं वाटतं, हे सगळं त्या नळीचं असतं. पण ती काढायची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. बरं वाटतं म्हणून ती आत तशीच विसरलेले लोक आहेत, वर्षानुवर्षं राहिली की तिच्यावरच खडे चढतात आणि मग साधं काम मोठ्या ऑपरेशनवर जातं.

माझी खडा पडल्यानंतरची सोनोग्राफी झाली, डाव्या किडनीची सूज उतरलीय आणि उजवीत काही नाही. एकदा झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दहा वर्षांत परत होतो असं सांगितलंय, म्हणून आता वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी करणार. खड्याचा रिपोर्ट, सीटीची सीडी आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून तो कपाटात रेशनकार्डाशेजारी ठेवलाय, रात्री-अपरात्री जायची वेळ आली तर घरातल्या कोणालाही हाताशी मिळेल असा.